वाळवंटातली पाणीपाळी

वाचकहो, आपल्या घरात ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, तर ‘पाणी प्या’ हे दोन शब्द आपण दिवसाकाठी किती वेळा उच्चारता, याची एकदा मोजदाद करून पाहा. आमच्या कंधारच्या घरी एका वैशाखात मी ती केली होती. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत एकवीस वेळा. आणि तेवढ्या अवधीत पोटात गेलेले पाणी जेमतेम एक फुलपात्र.

ज्यांच्यापुढे हा जप चालला होता ते माझे सासरे. सारे घर त्यांना दादा म्हणते. वय ८७. बारूळला निम्न मानार धरण आहे, त्याच्या कालव्यावर दादांनी पाटबंधारे खात्यात सारी नोकरी केली. कोणत्या चारीला किती तास पाणी सोडायचे, कोणाचे दार कधी बंद करायचे, हे त्यांना कागद न पाहता सांगता येई. पाच वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले. पुढे एका उन्हाळ्यात ते दोन दिवस विनाकारण चिडले, मग असंबद्ध बोलू लागले, आणि रात्री ‘गेट उघडं राहिलं’ म्हणत दाराकडे धावू लागले. हा आजार एका रात्रीत असा उसळत नसतो, म्हणून त्यांना तातडीने नांदेडला नेले. शरीरातले पाणी आणि क्षार घटले होते, जोडीला लघवीचा संसर्ग होता. दोन दिवस सलाईन लावल्यावर दादा पुन्हा पूर्वीचे दादा झाले.

हे घडते कसे, ते प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने जाणून असावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. घसा कोरडा पडला तरी मेंदूपर्यंत तो निरोप पोहोचत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून धरण्याची शक्तीही घटते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या लघवीवाटे आणखी पाणी काढून घेतात. त्यात स्मृतिभ्रंश असेल, तर आपण पाणी प्यायलो की नाही हेही स्मरत नाही; आणि वारंवार आठवण करून देणाऱ्या सुनेचा मात्र राग येतो. दादा पेला दूर सारत आणि म्हणत, “मला काय लेकरू समजलीस का?” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर गावोगावच्या शेतांना पाणी दिले, त्याला कोणी घोटाघोटाने पाणी पाजावे, यात त्याचा मान कुठे उरतो?

या कोंडीतून आम्हाला वाट दाखवली ती एका खेळाने. औषधाच्या पानावर खेळ कुठून आला, असे आपल्याला वाटेल. थोडा धीर धरा.

माझा धाकटा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. सुटीत तो घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक जाड पुस्तक आणि वीस पैलूंचे चिमुकले फासे होते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ काढला, त्याच्या कुळातला हा प्रकार. यात पट असलाच पाहिजे असे नाही, सोंगट्याही लागत नाहीत. चार-पाच जणांनी मेजाभोवती बसायचे. एकाने सूत्रधार व्हायचे आणि प्रसंग सांगायचा: समोर नदी आहे, पूल मोडला आहे, पलीकडून कोणी हाका मारत आहे. बाकीच्यांनी एकेका पात्राची भूमिका घेऊन ‘आता मी काय करतो’ ते बोलायचे. ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही; कथा तेवढी पुढे सरकते.

मुलाच्या पुस्तकातले जग होते ‘डार्क सन’, म्हणजे काळवंडलेला सूर्य. टिमोथी ब्राऊन आणि ट्रॉय डेनिंग यांनी रचलेले हे जग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जाणकारांत आज ते अभिजात मानले जाते. अथास नावाची ती भूमी एके काळी हिरवीगार होती. तिथले जादूगार मंत्र टाकताना झाडाझुडपांतले चैतन्य ओढून घेत. बेफिकीर जादूगाराच्या मंत्राने भोवतालची माती राख होई. जपून मंत्र टाकणारेही थोडे होते, ते झाड जगेल एवढेच घेत. बेफिकीर अधिक निघाले. समुद्र आटले, उरले अफाट वाळवंट, आणि त्यात जादूगार राजांची नगरे. लोखंड इतके दुर्मीळ की शस्त्रे हाडांची आणि नाणी भाजलेल्या मातीची. आणि प्रत्येक प्रवाशाने रोजच्या पाण्याचा हिशोब ठेवायचा.

मुलगा हे सारे मला ऐकवत होता. दादा पलंगावर पडून होते. ते ऐकत असतील, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मंत्राने माती राख होते हे ऐकताच ते उठून बसले. “हे तर बोअरवाल्याचंच झालं की! एकानं सातशे फूट मारला की शेजारच्याची विहीर कोरडी.”

मी शाळेत इतिहास शिकवत असे, पण अथासचे याहून नेमके भाष्य मला सुचले नसते. आमच्या मराठवाड्याला वाळवंट म्हणजे काय हे परदेशी पुस्तकातून कळायला नको. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने अंगावर काढला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही ठरवले की अथास कंधारला आणायचे. मुलगा जुन्या जगाची नवी मांडणी करणारच होता, मित्रांसाठी. आता ती दादांसाठी करायची.

पहिला बदल दादांनीच सुचवला. मूळ खेळात वाळवंटातले प्रवासी एका अजस्र किड्यावर बसून जातात. दादांना ते मुळीच रुचले नाही. “किड्यावर कोण बसंल? आपली लाल कंधारी जोडी काय मेली का?” लाल कंधारी हा याच मातीतला गोवंश, उन्हाला चिवट आणि ओढकामाला खंबीर, तेव्हा बैलगाड्यांचा तांडा नक्की झाला. नगर म्हणून आमचा किल्ला घेतला. त्याच्याभोवती पाण्याचा खंदक आहे, आणि गावाबाहेर राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र. तलावाला समुद्र म्हणणारे ते लोक! मुलाने तलाव आटवला आणि खंदक राखला, कारण खेळातल्या राजाने सारे पाणी स्वतःच्या तटाभोवती अडवून ठेवले होते. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे जे भग्न अवशेष गावात आहेत, ते तांड्याच्या वाटेवर पहारेकरी म्हणून उभे राहिले.

चौथा गडी लागत होता. शेजारी एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, वय ८५. दादा त्यांना मास्टरसाब म्हणतात. पत्नी गेल्यापासून त्यांचे बोलणे ‘ठीक आहे’ एवढ्यावर आले होते. दादांचे प्राथमिक शिक्षण निजामी राजवटीत उर्दूत झालेले, त्यामुळे दोघांचा जुना दुवा. मास्टरसाब पहिल्या दिवशी केवळ शिष्टाचार म्हणून बसले. वाळवंट आणि जादूगार हे शब्द कानी पडताच मात्र त्यांनी डोळे मिटून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तला एक प्रसंग सांगायला आरंभ केला. अमीर हमजाच्या दास्तानीतला हा भाग लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून खंडाखंडांनी छापला. मास्टरसाबांनी तो लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकला होता. अमेरिकेतल्या लेखकांच्या कित्येक पिढ्या आधी आपल्याकडे मायावी मुलूख रचले जात होते, आणि लोक रात्र रात्र ते ऐकत बसत.

मास्टरसाबांनी दिलेली एक कल्पना माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेला मुलूख. तो भेदायला निघालेल्या वीराजवळ एक ‘लौह’, म्हणजे पाटी असते; अडले की त्याने तिच्यात पाहायचे, पुढे काय करायचे ते तिच्यावर उमटते. आम्ही शाळेची एक मोठी पाटी आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत तीनच ओळी: आपण कुठे आहोत, जवळ काय आहे, काय हवे आहे. आणि नियम केला की ज्याची पाळी येईल त्याने आधी पाटी मोठ्याने वाचायची. दादांनी वाचायची, मी वाचायची, इंजिनिअर होऊ घातलेल्या नातवानेही वाचायची. वाचकहो, यातली मेख आपल्या लक्षात आली असेल. विसरणे ही एकट्या दादांची उणीव राहिली नाही; विसरलेच आहे असे धरून सगळेच खेळत होते.

नावांचेही तसेच झाले. खेळात मुलाचे नाव ‘वाटाड्या’, माझे ‘वैद्यीणबाई’, मास्टरसाबांचे ‘किस्सेवाले’. दादांनी स्वतःला ‘पाटकरी’ म्हणवून घेतले. कालव्यावर पाणी फिरवणारा जो साधा नोकर असतो, त्याचे हे नाव. साहेब होण्याची संधी असताना त्यांनी ते का निवडले, हे मी विचारले नाही. मात्र सुटी संपण्याच्या सुमारास एक सकाळ अशी आली की दादांना नातवाचे खरे नाव आठवेना. ते क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “वाटाड्या, बस की इथं.” मुलगा बसला. नंतर मागच्या अंगणात जाऊन तो बराच वेळ हात धूत होता.

फासे आम्ही पहिल्याच दिवशी बाद केले. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्या वीस पैलूंवरचे आकडे कसे दिसावेत? त्यांच्या जागी सात कवड्या घेतल्या. ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. चार किंवा अधिक उताण्या पडल्या तर काम साधले. मोजायला सोपे, हाताला ओळखीचे, आणि आखडलेल्या बोटांना तेवढाच व्यायाम.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पाण्याचा हिशोब हा त्या जुन्या खेळाचा प्राण. तो आकड्यांत ठेवणे दादांना जड गेले असते, म्हणून प्रत्येकापुढे चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे पाण्याची एक मशक. तांडा एक मजल पुढे गेला की प्रत्येकाने एक चिंचोका मधल्या वाटीत टाकायचा, आणि समोरच्या पेल्यातले दोन घोट खरोखर प्यायचे. कोणी कोणाला ‘प्या’ म्हणायचे नाही; वाळवंटात पाणी प्यायल्यावाचून बैलसुद्धा चालत नाही, मग माणूस कसा चालेल? पाऊण तासाच्या खेळात दादांच्या पोटात दोन फुलपात्री पाणी जाऊ लागले. कधी ताक, कधी पन्हे. माझा जप थांबला. आणि एक गंमत सांगते, मी स्वतः दिवसभरात किती कमी पाणी पिते हेही त्या चिंचोक्यांनी माझ्यासमोर मांडले.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र आम्ही एक सकाळभर अडलो. अथासची नगरे गुलामांच्या कष्टावर उभी आहेत आणि मूळ पुस्तकांत त्याचे वर्णन सढळ हाताने केलेले आहे. आजच्या तरुण खेळाडूंना ते खटकते, आणि ते योग्यच. मुलाचे मत होते की तो भागच काढून टाकावा. दादा म्हणाले, “काढू नको. वेठ होती. आम्ही पाहिली.” त्यांचे बालपण निजामाच्या राज्यात गेले, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ते दिवस मास्टरसाबांनीही पाहिले, वेगळ्या खिडकीतून. त्याविषयी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. ठरले ते एवढेच, की खेळात गुलाम कोणाला बक्षीस म्हणून मिळणार नाही, आणि तांड्याचे पहिले काम खंदक उपसणाऱ्यांच्या बेड्या तोडण्याचे असेल. मूळ कथेतही टिर नावाच्या नगरीत जुलमी राजा पडतो आणि गुलाम मुक्त होतात, तेव्हा आम्ही फार दूर गेलो असे नाही.

या खेळाने स्मृती परत येते का, हे आपण विचाराल. नाही, येत नाही. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. ज्यांच्यात आजाराचा अंकुर आधीच होता त्यांनीच खेळणे कमी केले असेल, असेही असू शकते. आणि एकदा जडलेला आजार खेळाने मागे फिरवता येतो असे तर त्या अभ्यासात कोणी म्हटलेलेच नाही. मला अधिक जवळचे वाटते ते अमेरिकेतल्या अ‍ॅन बास्टिंग यांचे काम. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ‘हे आठवते का’ असे विचारण्याऐवजी त्या एखादे चित्र दाखवून ‘इथे काय चालले असेल’ असे विचारतात, आणि जे उत्तर येईल ते कथेत जसेच्या तसे घेतात. टाइमस्लिप्स या नावाने ही पद्धत आता पुष्कळ देशांत वापरली जाते. आपण घरी काय करतो? पाहुणे आले की वृद्धाला विचारतो, ‘ओळखलंत का, हे कोण?’ त्या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर असते, बाकी सारी चूक. ‘आता पाटकरी काय करील?’ या प्रश्नाला चूक उत्तरच नसते.

एक सकाळ मी विसरणार नाही. तांड्याजवळ सात मशका उरल्या होत्या. वाटेत दोन वस्त्या: पहिली जवळ, मोठी, मोबदल्यात धान्य देणारी; दुसरी वाटेच्या पार टोकाला, जिच्याकडे द्यायला काहीच नाही. नातवाने विचारले, पाणी कोणाला? माझे यजमान त्या दिवशी हौसेने खेळायला बसले होते. ते हिशेबी माणूस. म्हणाले, पहिलीला देऊ, धान्य मिळेल. दादांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग ताठ बसून म्हणाले, “टेलला आधी. हेडवाल्याला काय, कधीबी मिळतंय. टेलचा माणूस रात्रभर दाराशी बसून राहतोय.” कालव्याची भाषा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल: मुखाशी ज्याचे शेत तो हेडचा, शेवटच्या टोकाचा तो टेलचा. पाणी टोकापासून द्यावे, म्हणजे मधल्यांना ते लाटता येत नाही. नोकरी संपून तीन दशके होत आली, सकाळचा चहा झाला की नाही हे ज्यांना सांगता येत नाही, ते दादा त्यानंतर दहा मिनिटे कोणत्या क्रमाने दारे उघडायची ते समजावत होते. कवड्या टाकायचे आम्ही विसरलो.

आपल्याला घरी असे काही करून पाहायचे असेल, तर काही गोष्टी जपाव्यात. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर घोटांची संख्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. गिळताना ठसका लागत असेल तर खेळाच्या भरात पाणी देऊ नये. बसवून, सावकाश, आणि तज्ज्ञाने सांगितले असेल त्या घट्टपणाचेच पेय द्यावे. मधुमेह असेल तर पन्ह्याचा मोह नको. जी माणसे हाती येईल ते तोंडात घालतात त्यांच्यापुढे चिंचोके आणि कवड्या ठेवूच नयेत, मोठे लाकडी ठोकळे घ्यावेत. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची बरी. दिवस कलला की अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो. एका वेळी एकानेच बोलावे, पंखा आणि टीव्ही दोन्हींचा आवाज बेताचा असावा. आणि ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी खेळ नको. आमचेही आठवड्यातले दोन दिवस असेच जातात. शिवाय वाळवंटच हवे असा आग्रह नाही. ज्यांनी आयुष्यभर शिवण केले त्यांच्यासाठी राजाच्या पोशाखाची कथा असू शकते, एसटी चालवलेल्या माणसासाठी घाटाची.

मुलगा पुण्याला परतला. आता सूत्रधार मी आहे. त्याच्याइतके अद्भुत मला सुचत नाही. माझी भुते फार समंजस निघतात, अशी मास्टरसाबांची तक्रार आहे. रविवारी तो फोनवरून वाटाड्या होतो. दादांचा आजार पुढे सरकतो आहे. पूर्वी ते पाटीवरच्या तिन्ही ओळी वाचत, आता दोन, कधी एक. मशकांचे चिंचोके मात्र ते अजून स्वतः वाटतात, आणि कोणापुढे एक अधिक पडला तर परत उचलून घेतात.

गेल्या बुधवारी पाटीवर होते: ‘पाणी चार मशका. वस्ती दूर.’ दादांनी वाचले, दोन घोट घेतले, चिंचोका वाटीत टाकला. मी कवड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. मास्टरसाबांच्या भरलेल्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “त्याचं राहिलंय.” मास्टरसाबांनी पेला तोंडाला लावला. तो खाली ठेवेपर्यंत दादा थांबले, मग कवड्या ओंजळीत घेतल्या.